शेजारणीचा मुलगा

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा तिला दोन शब्द येत होते आणि दोन्ही 'आ' असेच होते. एक 'आ' म्हणजे मी, आणि दुसरा 'आ' म्हणजे जगातलं बाकी सगळं. ती 'आ' म्हणाली की मी तिच्या बोटाच्या रोखाने बघायचे आणि पाणी, बाहुली, खिडकीतला कावळा यांपैकी नेमकं काय ते ओळखायचे. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत डोकं पिकून जायचं.

आम्ही तेव्हा विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो. वन रूम किचन, तिसरा मजला. सासूबाई, नवरा, मी आणि लेक. नवरा वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या धडधडाटात दिवस काढून तो घरी यायचा आणि घरीही तसाच ओरडून बोलायचा. टीव्ही पूर्ण आवाजात लावायचा. त्यावरून आपलं म्हणणं पोचवायचं म्हणून सासूबाईही वरच्या पट्टीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या घरात सदानकदा भांडणं चालतात. नंतर कळलं, ते एकमेकांना चहा हवा का विचारतायत. वर्षभरात मीही तशीच बोलायला लागले.

लेक बोलत नाही ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना दिसत होती आणि कुणी काढत नव्हतं. एकदा सर्दीसाठी तिला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टर, ही अजून..." एवढ्यात सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "जेवत नाही हो नीट." बाहेर पडल्यावर रस्त्यातच माझी हजेरी घेतली. "अगो, पोरीच्या जातीचं असं काही गावभर करू नये. उद्या स्थळं बघताना हेच आडवं येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हिचा बापूससुद्धा तीन वर्षं मुकाच होता."

अडीच वर्षांच्या पोरीची स्थळं! मला हसूही आलं नाही. पण मी गप्प बसले, हे खरं आहे, आणि ते सासूबाईंच्या धाकाने नव्हतं. मलाही तेच वाटत होतं. एकदा तोंडातून गेलं की ते खरं होईल, अशी माझीच भीती होती.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेली सहा खोपटी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर आणि एक प्लास्टिकची खुर्ची. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तो या घरात फक्त लग्नाच्या बायोडेटापुरता कामाला आला होता. दुपारी लेक सासूबाईंजवळ झोपली की मी 'जरा बाजारात जाऊन येते' म्हणून निघायचे. मराठी आयांचा एक ग्रुप होता. आपण एक मेल टाकायची, ती सगळ्यांना जायची, आणि मग पुण्यापासून दुबईपर्यंतच्या बायका उत्तरं पाठवायच्या. सगळं मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. दात येताना जुलाब, अंगावरचं दूध सोडवणं, रात्री उठून रडणं, सासूने घातलेली गुटी. वाचताना पहिल्यांदा वाटलं, आपण एकट्याच दमलेलो नाही. त्या वाटण्यावर मी पहिले पंधरा दिवस नुसती वाचत राहिले.

मग एका दुपारी धीर करून लिहायला बसले. 'माझी मुलगी' असं टाइप केलं आणि हात थांबला. शेजारच्या खोपटात आमच्याच बिल्डिंगमधल्या बाई अमेरिकेतल्या दिरांशी बोलायला आल्या होत्या आणि फळीवरून डोकावायची त्यांना भारी हौस. मी ते पुसलं आणि लिहिलं, 'माझ्या शेजारणीचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो अजून बोलत नाही. बाकी सगळं समजतं. काय करावं?'

असं एका ओळीत मी लेकीला मुलगा करून टाकलं आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं. हाक मारली तर ती वळत नाही, पाठमोरी असली तर आपण खोलीत आलोय हेही तिला कळत नाही, हे मात्र लिहिलंच नाही. शेजारणीच्या मुलाला इतकी दुखणी कशाला, असा मी विचार केला.

दोन दिवसांनी मेल उघडली तर उत्तरांचा पाऊस. आणि जवळजवळ प्रत्येक उत्तराची सुरुवात एकच: मुलगा आहे ना? मग काळजी नको, मुलगे उशिराच बोलतात. कुणाचा दीर साडेतीनला बोलला होता आणि आता वकील होता. एकीने लिहिलं, तुमच्या शेजारणीला सांगा, पुढे इतका बोलेल की गप्प बस म्हणायची वेळ येईल. मी खुशीत घरी आले, येताना सासूबाईंना आवडते म्हणून भजीसुद्धा आणली. घरात शिरले तर लेक दाराकडे पाठ करून डबे रचत बसली होती. तिच्या कुरळ्या केसांत मी सकाळी बांधलेली लाल रिबीन होती. ती मुलगी होती. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही.

त्या बायकांपैकी सांगलीची एक माझ्याशी वेगळी मेल करायला लागली. तिचा भाचा होता, माझ्या शेजारणीच्या मुलाएवढाच, आणि तोही बोलत नव्हता. आम्ही एकमेकींना विचारायचो: काय म्हणतोय तुमचा भाचा, काय म्हणतोय शेजारणीचा मुलगा. ती मला उपाय कळवायची. वेखंड उगाळून चाटवा. शंखातलं पाणी पाजा. मी वेखंड उगाळलं, शंख आणला, पाणी पाजलं. सासूबाई या बाबतीत एकदम माझ्या बाजूच्या; उपाय घरातल्या घरात होता ना. ताटाचा उपायही सांगलीवालीनेच सांगितला. मुलाच्या मागे उभं राहून स्टीलचं ताट वाजवायचं. वळला तर कान ठीक आहेत. मी ताटावर उलथनं हाणलं. लेक दचकून वळली आणि रडायला लागली. मी तिला कवटाळून इतकी हसले की सासूबाईंना वाटलं, हिचं डोकं फिरलं. सांगलीला लिहिलं, शेजारणीने ताट वाजवलं, पोरगा वळला.

दोनेक महिन्यांनी तिची मेल आली, भाचा बोलला. अगदी दोन शब्द, 'मावशी, भूक'. त्या दोन शब्दांवर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना मनात तेच चालायचं, मावशी भूक, मावशी भूक. त्याला जमलं म्हणजे हिलाही जमेल. ग्रुपवर नवीन कुणी न बोलणाऱ्या पोराबद्दल विचारलं की आता मीच उत्तर द्यायचे: धीर धरा, आमच्या शेजारी असाच मुलगा आहे. ज्याला स्वतःचं घर आवरत नाही तो दुसऱ्याची भांडी घासायला जातो, तशातली गत.

असे आठ महिने गेले. लेक सव्वातीन वर्षांची झाली. 'आ' दोनच राहिले. बालवाडीच्या बाईंनी, 'पुढच्या वर्षी बघू या' म्हणून हसून परत पाठवलं. मी फार थकले होते. काळजीने माणूस रडतं वगैरे म्हणतात. मला रडू येत नव्हतं, नुसती झोप यायची. लेकीचं बोट कुठे रोखलंय ते बघायचाही कंटाळा यायचा, आणि मग त्या कंटाळ्याची लाज वाटायची.

वसईजवळच्या सांडोरहून एक म्हाताऱ्या बाई आठवड्यातून दोनदा आमच्या बिल्डिंगमध्ये भाजी घेऊन यायच्या. स्वतःच्या वाडीतली केळी, अळू, दुधी. जिने चढून दम लागलेला असायचा, म्हणून आमच्या उंबऱ्यात बसून पाणी पीत आणि लेकीशी खेळत. आवाज अगदी हळू. आमच्या घरात तर त्यांचं बोलणं मुद्दाम लक्ष देऊन ऐकावं लागे. त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या, टीव्ही बंद होता. बाईंनी लेकीला केळं दिलं, काहीतरी बोलल्या, मग पदराने तोंड झाकून परत बोलल्या. पदर काढला, बोलल्या. पुन्हा झाकला. मला वाटलं, खेळतायत.

"बाय," त्या मला म्हणाल्या, "ही पोर माज्या तोंडाकडे बगते गं. तोंड झाकलं का तिला कायच नाय. आयकायला कमी येते तिला."

"छे हो," मी म्हणाले. "ताट वाजवलं की वळते."

"ताट कोनाला नाय आयकायला येणार, बाय? ताट तर मेलेलापन आयकेल."

मला त्या बाईंचा इतका राग आला की मी भाजी न घेता दार लावून घेतलं. मग त्याच दाराला टेकून खाली बसले. लेक केळं खात होती, पाठ माझ्याकडे. मी तिला हाक मारली, आमच्या घरातल्या आवाजात नाही, त्या बाईंच्या आवाजात. तिने घास घेतला. मी पुन्हा हाक मारली. तिने दुसरा घास घेतला.

संध्याकाळी नवरा आल्यावर मी सगळं सांगितलं. सासूबाई भाजीवालीच्या सात पिढ्या काढायला लागल्या. नवरा बूट हातात धरून बसला होता. मग म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू म्हणाला, "आई, थांब. ती बाई बरोबर बोलतेय. मशीनवरून आलो की मलाही पहिला तासभर नीट ऐकू येत नाही. मीपण तुमची तोंडं बघूनच समजून घेतो. पोरगी तेच करतेय, आणि मला कळलं नाही."

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिची टेस्ट झाली. औषध पाजून तिला झोपवलं आणि डोक्याला वायरी लावल्या. दोन्ही कानांनी मोठे आवाज येत होते, बोलणं येत नव्हतं. आमच्या घरातल्या आरडाओरड्यातून तिच्यापर्यंत जेवढं पोचलं होतं तेवढ्याचा तिने 'आ' केला होता. कानाला मशीन लावून, शिकवून बोलेल, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मात्र जितक्या लवकर आणलं असतं तितकं बरं झालं असतं. "शंका कधीपासून होती?" त्यांनी विचारलं.

"आत्ता, परवाच," सासूबाई म्हणाल्या.

"आठ महिने," मी म्हणाले. घरच्यांसमोर, परक्यांसमोर, वळवून न सांगता मी ते पहिल्यांदाच बोलले. सासूबाईंनी या वेळी कोपर मारलं नाही. त्यांनी नातीच्या पायांवर शाल ओढली.

आठवड्याने कॅफेत गेले. सांगलीची मेल येऊन पडली होती, नेहमीसारखी: शेजारणीच्या मुलाचं काय? शेजारच्या खोपटात त्याच बाई होत्या, फळीवरून डोकावत होत्या. मी लिहिलं, 'शेजारीण नाही. मुलगाही नाही. ती माझी मुलगी आहे, तिला कमी ऐकू येतं, आणि मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगून चुकीची उत्तरं मिळवली.' तेच ग्रुपलाही टाकलं. दोघीतिघींनी धीर दिला. एकीने चांगलं फैलावर घेतलं: मुलगी आहे म्हणाला असतात तर मी पहिल्याच दिवशी कान तपासा म्हणाले असते. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

सांगलीहून मात्र चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी आली.

'भाचा नाही. मुलगा माझा आहे. सव्वातीन वर्षांचा झाला, एक शब्द नाही. "मावशी, भूक" मी मनाने लिहिलं. तुम्ही रोज इतक्या आशेने विचारत होता, आणि मला एकदा तरी ते लिहून बघायचं होतं. टेस्ट कुठे केलीत?'

मी ती मेल पुन्हा वाचली. संताप आला. त्या पोराच्या दोन शब्दांवर मी माझ्या पोरीचे महिने घालवले होते, आणि ते शब्द कुणी बोललंच नव्हतं. तिला काय वाट्टेल ते लिहावं असं वाटलं, दोन ओळी लिहिल्याही. मग आठवलं, ताट वाजवलं, पोरगा वळला, हे मीच तिला कळवलं होतं. तिनेही घरी जाऊन ताट वाजवलं असणार. तिचाही वळला असणार. तिनेही त्याला पोटाशी धरलं असणार.

त्या दोन ओळी पुसल्या. कुठलं खातं, कुठला वार, सकाळी किती लवकर रांग लावायची ते लिहिलं. आदल्या रात्री मुलाला जागवा, टेस्टच्या वेळी झोप लागावी लागते, असं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, एकटी जाऊ नका, विरारला आमच्याकडे उतरा, मी हॉस्पिटलात बरोबर येते.