वडातून जाणारी जीप

बाबांनी जुनी जीप विकत घेतली आणि घरी आणतानाच ती वारंगा फाट्यावर पंक्चर झाली. पंक्चरच्या दुकानात एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर परदेशातलं एक अवाढव्य झाड, त्याच्या बुंध्याला आरपार भोक कोरलेलं आणि त्या भोकातून निम्मी बाहेर आलेली मोटार. बाबांनी ट्यूबकडं बघायचं सोडून ते चित्रच बघितलं आणि दुकानदाराकडून मागून घेतलं. मी तेव्हा नववीत होते, सोबत होते.

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या वस्तीच्या तोंडाशीही तसंच झाड होतं, फक्त वडाचं. ते कुणी कोरलं नव्हतं. पारंब्या खाली यायला लागल्या तशा जुन्या माणसांनी दोन्हीकडं वळवून बांधल्या आणि मधून रिकाम्या बैलगाडीपुरती वाट ठेवली. पारंब्यांचे खांब झाले, वर कमान झाली. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला विहीर, म्हणून दुसरी वाट नव्हतीच. बाबांनी सौदा करताना दोरीनं जीपची रुंदी मोजली होती. टपावर वेल्डिंग केलेला कॅरियर होता, तो मोजला नव्हता.

झाडापाशी बाबांनी जीप थांबवली, पारावरच्या सगळ्यांना कॅलेंडर दाखवलं आणि म्हणाले, “आता आपली बघा.” जीप कमानीत गेली आणि तिथंच अडकली.

पारावर थोरले काका होते, बाबांचे सख्खे भाऊ. ते म्हणाले, “त्या कॅलेंडरवाल्यानं आधी गाडी मोजली, मंग झाड कोरलं. तू उलटं केलंस.” सगळा पार हसला. बाबांनी त्या दिवसापासून काकांशी बोलणं टाकलं ते चार वर्षं. घरं समोरासमोर.

वडाला कुऱ्हाड लावायची नसते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. बायका वटपौर्णिमेला त्यालाच सूत गुंडाळतात. मग शोध लागला, की माणसं भरली की जीप दबते. बाबा धरून बारा असली की निघते, अकरा असली की अडते. बाबा भाड्यानं माणसं न्यायला लागले; जीप सकाळी भरून जायची, संध्याकाळी भरून यायची. काका रोज पारावर बसून ती अडायची वाट बघायचे.

वहिनीचे दिवस भरत आले तेव्हा बाबांनी धंदा बंद ठेवून जीप दारात उभी केली. झाडापलीकडं ठेवली असती तर काहीच अडलं नसतं. पण बाबांनी काळजी घ्यायची ठरवली होती.

दुपारी कळा सुरू झाल्या. दाईनं पोट चाचपलं आणि म्हणाली, “लेकरू आडवं हाय. माझ्यानं व्हायचं न्हाई, हिंगोलीला न्या.” भाऊ सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलवर कामाला, बाकी वस्ती कापसात. चाकातली हवा सोडावी तर भरायचा पंप गोरेगावात. मी धावत रानात गेले. सहा बाया कमरेची कापसाची ओटी न सोडता तशाच आल्या. त्या सहा, वहिनी, आई, दाई, मी आणि बाबा. जीप कमानीत शिरली आणि अडली.

काका पारावरच होते. बाबा स्टेअरिंगकडं बघत बसले. काका चपलेकडं बघत बसले. आत वहिनी ओठ चावत होती आणि या दोघांना कॅलेंडर आठवत होतं. मला दोघांचाही असा संताप आला, की वाटलं, वडीलधारे आहेत हे आज विसरावं.

आमच्यात सून थोरल्या चुलत सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. लग्नानंतरच्या तीन वर्षांत काकांनी वहिनीचा आवाज ऐकला नव्हता. ती पदर सावरत म्हणाली, “थोरले मामा, या की.”

काका उठले. चपला पारावरच राहिल्या. पुढं बाबांशेजारी येऊन बसले. जीप निघाली.

पलीकडं बाया उतरल्या. काका उतरेनात.

“दादा, उतर आता,” बाबा म्हणाले.

“काहून? येताना बी वजन लागंल.”

“तू एकटा काय पुरणार हायेस?”

“एकटा कुठं? एक वाढून येऊन राहिलं की.”

बाबांनी गिअर टाकला.

ऑपरेशन झालं, मुलगी झाली. काका दोन दिवस दवाखान्यात अनवाणी फिरले, मग कॅनॉलवरून आलेल्या माझ्या भावानं त्यांना चपला आणून दिल्या.

आठवड्यानं परत आलो. जीप झाडाअलीकडं ठेवून चालत जायचं, असं बाबांनी ठरवलं होतं. पण झाडाखाली दाई आणि चार बाया उभ्या होत्या. त्यांना कुणी निरोप दिला नव्हता. त्या न विचारता चढून बसल्या. बाबांनी मागं वळून माणसं मोजली. आई, वहिनी, भाऊ, मी, काका, या पाच जणी. स्वतःला धरून अकरा. ते काकांकडं बघत राहिले.

काकांनी वहिनीच्या मांडीवरच्या लेकराकडं बोट केलं. “हिला बी धर की.”

बाबांनी जीप घातली. कॅरियर कमानीला चांगला घासला, पार वस्तीपर्यंत ऐकू गेलं असेल. पण निघाली.

“घासली न्हाई,” बाबा म्हणाले.

“न्हाई,” काका म्हणाले. “बराबर मोजलं तू.”