आत्या ओरडली की खणायचं

"आत्या ओरडलीय. खणा."

एवढंच बोलून तो वाळूत गुडघे टेकायचा. आत्या म्हणजे त्याचा मेटल डिटेक्टर. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, आणि खाली कुठं धातू असला की कानठळ्या बसवणारी किंचाळी. हेडफोन लावायची सोय होती. तो लावत नसे. आपल्याला त्रास होतो तर इतरांना का नको, असा त्याचा एकूण स्वभाव.

मला तो आवडत नसे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. दोह्यात वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती. मी साईट इंजिनियर आणि हा सिन्नरचा गृहस्थ आमच्या साईटवर क्वालिटी इन्स्पेक्टर. दोह्याच्या नजमा भागातल्या बॅचलर खोलीतून यायचा आणि आल्या आल्या "रिजेक्ट" म्हणायचा. नमस्कार वगैरे भानगड नाही. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर देवाचे आभार माना.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, दोह्याजवळच्या वक्रा गावच्या किनाऱ्यावर हे डिटेक्टरवाले जमायचे. प्रत्येकाच्या मशीनला नाव. एका मल्याळी अकाउंटंटची होती 'लॉटरी', कारण आशा सुटत नाही. आमच्या इंग्रज मॅनेजरची 'डचेस'. का, तर ती कचऱ्याशी बोलत नाही. त्यानं सेटिंगच तसं ठेवलं होतं: खिळे, झाकणं, डब्यांचे तुकडे आले की मशीन गप्प. आत्या मात्र सगळ्यांवर ओरडायची. आणि हा प्रत्येक वेळी खणायचा. दिवसभर पेप्सीची झाकणं गोळा करणारा माणूस म्हणून सगळा किनारा त्याला हसायचा. मीही मनापासून हसायचो.

मग एका शुक्रवारी तिथंच माझ्या बायकोची अंगठी हरवली. मुलीचे वाळूचे हात धुताना बोटातून निसटली. तिच्या आईची अंगठी. आई गेली तेव्हा इथून वेळेत पोचता आलं नव्हतं, आणि आईचं म्हणून हिच्याकडे तेवढंच उरलं होतं. बायको ओल्या वाळूत बसून दोन्ही हातांनी उकरत होती. मुलगी घाबरून "मम्मा, स्टॉप इट" म्हणत होती. भरती सुरू झाली होती.

मॅनेजर धावून आला. डचेस त्या पट्ट्यावरून दोनदा फिरली, हूं की चूं नाही. "सॉरी, इथं काही नाही," म्हणून तो गेला.

उरला हा. आणि आदल्याच दिवशी, माझा एक कॉलम रिजेक्ट केला म्हणून, मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "भुंकायचाच पगार घेता तुम्ही." गरज पडली की माणूस गाढवाचेही पाय धरतो. मी गेलो.

"पाण्यात अंगठी घालून कशाला जायचं? अक्कल गहाण टाकलीय का?" त्यानं माझ्या बायकोलाच सुनावलं. तिनं मान खाली घातली. त्याच्या कानाखाली वाजवायला माझा हात शिवशिवत होता.

आत्या ओरडली. खणलं. डब्याची ओढायची कडी. पुन्हा ओरडली. पुन्हा कडी. लाटा जवळ येत होत्या आणि हा माणूस शांतपणे कचरा काढत होता.

"अहो, कड्या सोडा ना! सेटिंग बदला, वेळ नाहीये," मी ओरडलो.

"कडी आणि सोन्याची अंगठी, मशीनला सारखीच ऐकू येते. कडीला गप्प केलं की अंगठीपण गप्प. तुमच्या साहेबाची डचेसबाई अंगठीवरूनच गेली असेल, नाक वर करून." खणणं थांबलं नव्हतं. "आमची आत्या दिवसभर ओरडायची. दूध उतू गेलं, चपला वाकड्या ठेवल्या, कशावरही. विहिरीच्या कठड्याचा दगड हलतोय, म्हणूनपण आठवडाभर ओरडत होती. घरात कोण ऐकणार? रोजचंच होतं ते."

आत्या पुन्हा ओरडली.

"धाकटा भाऊ जाऊन बसला त्या दगडावर," तो म्हणाला, आणि खणायला लागला.

ती अंगठी होती. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. बायको रडत त्याच्या पाया पडायला वाकली, तर तो मागं सरकला. "दोरा गुंडाळा तिला. सैल झालीय. तेवढं तरी जमेल ना?"

शनिवारी येऊन त्यानं माझा दुसरा कॉलम रिजेक्ट केला. आमची मैत्री वगैरे झाली नाही. कठड्याचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही. फक्त तो साईटवर ओरडला की मी आता जाऊन बघून यायचो. बहुतेक वेळा काही नसायचं, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत परत यायचो.

सामने सुरू व्हायच्या आधीच त्याचं काम संपलं. खलास. सामानात मावेना म्हणून आत्या मॅनेजरला देऊन गेला. "सेटिंगला हात लावू नका," असं हिंदी-इंग्रजीत तीनतीनदा बजावलं. मॅनेजर हसून अरबीत "यल्ला, यल्ला" म्हणाला, म्हणजे चला, निघा आता.

परवा वक्राला गेलो होतो. मॅनेजर आत्याला घेऊन फिरत होता. तिचं नाव आता 'डचेस टू'. पाण्याच्या कडेकडेनं, माणसांच्या पाऊलखुणांवरून, तो तिला सावकाश नेत होता. किनारा अगदी शांत होता. बायकोनं दोरा गुंडाळलेली अंगठी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "अहो, तिला ओरडू द्या म्हणावं त्यांना."