ओंडका वाकला तेव्हा

संघात सगळे त्याला ओंडका म्हणत, आणि पठ्ठ्याला त्या नावाचा अभिमान होता. दिवसभर दुकानात काचा कापायच्या, लोकांच्या खिडक्यांना बसवायच्या आणि सुट्टीला मैदानावर वेगवान गोलंदाजी करायची, एवढंच त्याचं जग. मॅचआधी बाकीचे गवतावर पाय ताणत बसले की हा सीमारेषेपाशी चहा पीत उभा. "आपला बाणा एकच, मोडेन पण वाकणार नाही," म्हणायचा. बरं, विकेट तोच काढायचा, मग बोलणार कोण?

बोलायची ती थोरली बहीण. ताई शाळेत व्यायाम शिकवायची. "अरे, दिवसभर टेबलावर वाकून तुझी कंबर आखडते, मांड्या ताठ होतात. रोज थोडा वेळ दे. आधी जरा पळ, अंग गरम होऊ दे, मग हळूहळू ताण. चेंडूला जोर येईल आणि पायही टिकतील." पालथ्या घड्यावर पाणी. तो हसून जेवायला बसायचा.

मग मोठ्या संघाच्या निवडीचा दिवस आला. वय बघता ही शेवटचीच संधी, हे त्यालाही ठाऊक होतं. सकाळी एका गिऱ्हाइकाची काच बसवून तो धापा टाकत पोचला आणि तसाच गोलंदाजीला उतरला. दुसऱ्याच षटकात मांडीच्या मागे काहीतरी तटकन तुटलं. तो मटकन खाली बसला.

"गोळा आलाय, ताणा पाय," कोणीतरी म्हणालं. दोघांनी टाच धरून पाय सरळ वर रेटला. जन्मात कधी न ताणलेला पाय, आणि ताणला तो नेमका स्नायू फाटल्यावर. "अजून ताणा," असं त्यानंच दात आवळून सांगितलं, कारण त्याला षटक पुरं करायचं होतं. अर्धवट फाटलेलं पुरतं फाटलं.

ताई दवाखान्यात आली आणि तिनं त्याच्या पायाखाली अलगद उशी सरकवली. तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

गोलंदाजी सुटली ती सुटलीच. चालायला मात्र ताईनं पुन्हा शिकवलं. आता तो रोज सकाळी पलंगाशी बसतो, तळपायाला टॉवेल अडकवतो आणि तिनं सांगितल्यासारखं सावकाश ताणतो. वरातीमागून घोडं, दुसरं काय? परवा उभ्यानं वाकला, तर हाताची बोटं पायाच्या बोटांना टेकली. ताईनं टाळ्या वाजवल्या. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, कारण सरळ झाला असता तर तिला त्याचं तोंड दिसलं असतं.