माझ्या अंगठ्याखालचं बटण

त्या वेळी आमच्या जंगलात वायरलेसची लाइन एकच होती. वनखातं, पोलीस ठाणं आणि हवाईपट्टीवर गवत कापणारी टोळी, तिघांनी तीच वापरायची. एक बोलू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. आमचे हे वनखात्याचा सेट सांभाळत. क्वार्टर ऑफिसला लागूनच, म्हणून मला वाटे, यंत्र मलाही येतं. वय वीस, अक्कल त्याच्या निम्मी.

एका सकाळी हे हवाईपट्टीवरच्या सेटची बॅटरी द्यायला सायकलनं निघाले. म्हणाले, "येईपर्यंत बस इथी. कोनी बोललं तर बटन दाबून सांग, साहेब दौऱ्यावर हायेत. दुसरं काई करू नको."

तासाभरानं सेट खरखरला. "हवाईपट्टीवरून बोलतो! गवतातून अस्वल निघालं, एका मानसाले फाडलं. जीप पाठवा!"

लगेच ठाण्याचा आवाज आला, "निघाली जीप. पट्टीच्या कोन्या टोकाले?"

त्याचं उत्तर मी येऊच दिलं नाही. माईक उचलला, बटण दाबलं अन् ओरडले, "कोनाले फाडलं? आमचे हे तं नाई ना?"

मग कान लावून बसले. सेट मुका. माईक छातीशी आवळलेला. पलीकडे बोलायला कुणी जिवंतच उरलं नाही, असं मी ठरवूनही टाकलं. रडत मोठ्यानं म्हणत राहिले, "देवा, त्यायले घरी आन. सासूले उलट बोलनार नाई. लोनचं मीच खाल्लं, मांजरीनं नाई!"

रडणं ऐकून ऑफिसचा म्हातारा चौकीदार धावत आला. माझा हात पाहून म्हणाला, "बाई, बटन सोडा ना! तुमी दाबून बसल्या तं दुसऱ्यानं बोलावं कसं?"

अंगठा निघेना. त्यानंच तो उचलला. तशी सेटमधून आरोळी फुटली, "नाल्याकडच्या टोकाले! नाल्याकडच्या! कोन बटन दाबून बसलं हाय?"

जीप तोवर दुसऱ्या टोकाला जाऊन उभी होती.

मी पायरीवर बसले. आता भीती वेगळीच होती. फाडलेला माणूस हेच असले, तर त्यांची जीप मीच अडवली होती.

दवाखान्याच्या वाटेवर जीप ऑफिससमोरून गेली. मागे हे उघडे बसलेले, हात कोपरापर्यंत लाल. नंतर कळलं, यांनी आपला सदरा अस्वलानं फाडलेल्या, गवत कापणाऱ्या माणसाच्या मांडीला बांधला होता. जाता जाता हे एवढंच ओरडले, "सेटले हात लावू नको!"

संध्याकाळपर्यंत लोणच्याची बातमी सासूबाईंपर्यंत पोचली होती. ते सोसलं.

तो माणूस वाचला. पुढे एका बाजाराच्या दिवशी घरी आला. मी मान खाली घालूनच चहा दिला.

"बाई," तो म्हणाला, "डोळे मिटून राह्यले होते माहे. पन सेटवर तुमचं लोनच्याचं आयकलं अन् हसू आलं. म्हनून जागा राह्यलो."

माझ्या मनाला लागू नये म्हणून बोलला असणार. चहा संपवून निघाला, तेव्हा तो पाय ओढत फाटकापर्यंत गेला. मी बघत राहिले.