शुगर आमच्यात नाही

श्यामकांतरावांचं चरित्र लिहायला काय लागतं? केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, गाझियाबादेत नवा फ्लॅट, खाली पांढरी मारुती, आणि नाक कायम वर. झालं, संपलं चरित्र!

मी शेवंता. बावीस वर्षं मिलिटरी हॉस्पिटलात नर्स होते, पंच्याण्णव साली इथल्या एका नव्या नर्सिंग होमच्या इमर्जन्सीत लागले. लॉबीत संगमरवर, आणि साखर तपासायचं मशीन अख्ख्या इमारतीत एक. एका दुपारी श्यामकांतरावांनी बायकोला, प्रभावतीबाईंना आणलं. न्यूमोनिया, सडकून ताप, शुद्ध अर्धवट. डॉक्टरनं विचारलं, "शुगर आहे?"

"छे छे! शुगर आमच्यात नाही. वीकनेस आहे, ग्लुकोज चढवा."

डॉक्टर नवखा. साहेबी आवाज ऐकला आणि लावली बाटली.

मला बाईंचा श्वास आवडला नाही, खोल आणि भराभर चालला होता. बोटाला सुई टोचली. मशीननं आकडासुद्धा दाखवला नाही, नुसतं 'हाय'. म्हणजे सहाशेच्या वर! ग्लुकोज मीच काढलं, डॉक्टरला हलवलं, सलाईन आणि थेंबाथेंबानं इन्सुलिन सुरू झालं. दर तासाला टोचायचं, आकडा बघायचा. साखर जिन्यानं उतरवायची असते, एकदम खाली आली तरी पेशंट हातचा जातो.

त्यांची मुलगी मैत्रेयी रडत म्हणाली, "आई चार वर्षं शुगरच्या गोळ्या घेते. बाबांनीच महिन्याभरापासून बंद केल्या. माझ्या लग्नाचं बघतायत ना, पाहुण्यांना दिसतील म्हणून."

तिच्यासाठी बघितलेल्या मुलाचे वडील मुरलीधरपंत बातमी ऐकून आले होते, बाहेर सोफ्यावरच बसले होते. श्यामकांतराव माझ्या कानाशी आले. "सिस्टर, प्लीज, इन्सुलिन जरा हळू म्हणा. चार्टवर फक्त न्यूमोनिया लिहा."

अरे, बायको मरायला टेकलीय आणि हा मेला चार्ट सजवतोय! शी! असल्या माणसाची मला किळस येते. मी मुद्दाम दारात उभी राहिले आणि ओरडले, "प्रभावतीबाईंची शुगर दर तासाला! इन्सुलिन चालू!"

मुरलीधरपंत उठले आणि निरोप न घेता गेले. श्यामकांतरावांचं तोंड बघून मला गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी साखर दोनशेच्या खाली आली आणि बाईंनी डोळे उघडले. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "बाई, वाचलात हो!"

"ते राहू दे. मुलाकडच्यांना कळलं का?"

"कळलं. मीच सांगितलं."

त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला.