चिठ्ठीत नसलेलं आडनाव

परतूरच्या एका महाविद्यालयात मी एका वेल्श आडनावावर बोलले, तेव्हा वडील दुसऱ्या रांगेत बसले होते. लोकसंख्येचं जनुकशास्त्र हा माझा विषय. मांडणी नेटकी होती: वेल्समध्ये पूर्वी बापाचं नाव हीच मुलाची ओळख, म्हणून ती दर पिढीला बदलायची, पुढे सरकारी दप्तराला कायमची नोंद हवी झाली आणि कुणा एका बापाचं नाव आडनाव म्हणून थिजलं. मूळ नावंच मोजकी, त्यामुळे रक्ताचं नातं नसलेली कितीतरी घरं एकाच आडनावाची झाली. खाणकामगारांबरोबर ते समुद्रापार गेलं. ते कुणाला लपवावंसं वाटलं नाही, असंही मी ठासून सांगितलं. या विधानाला माझ्याकडे पुरावा नव्हता.

प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुमचं आडनाव कुठून आलं?"

"गावावरून," म्हणत मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

उत्तर अर्धं होतं. दहावीचा फॉर्म भरण्याआधी मी हट्टाने आडनाव बदलून घेतलं होतं. जुनं ऐकलं की लोक आमची जात ताडत आणि त्यांचा सूर बदले. गावाच्या नावाला 'कर' जोडलं की निदान अंदाज चुकतो, हा माझा तर्क. राजपत्रासाठीचं प्रतिज्ञापत्र वडिलांनीच केलं; स्वतःचं आडनाव मात्र ठेवलं. ते शिक्षक होते. फळ्यावर, हजेरीपटावर, दारावरच्या पाटीवर ते नेहमी पूर्ण नाव लिहीत.

कार्यक्रमाच्या शेवटी शाल-श्रीफळ देऊन वडिलांचाही सत्कार करायचं ठरलं. सूत्रसंचालकांनी त्यांच्याकडून चिठ्ठीवर नाव लिहून मागितलं. मला धडकी भरली: आता आडनाव वाचलं जाणार. पण माइकवरून फक्त नाव ऐकू आलं, पुढे 'गुरुजी'. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवसातल्या सगळ्या गोष्टींपैकी या सुटकेचीच मला सर्वाधिक लाज वाटते.

बसस्टँडवर मी त्यांना विचारलं, आडनाव का लिहिलं नाही.

"तू न्हाई सांगितलं, मंग मी कसं सांगू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग म्हणाले, "ती पोरगी आपल्यातली वाटली. तिला ऐकायचं व्हतं."

महाविद्यालय पाच मिनिटांवर होतं. मुली अजून फाटकाशी असतील, हे मला माहीत होतं. आमची परतीची अंबडची बस लागली आणि मी वडिलांच्या आधी चढून जागा धरली.