दहा मिनिटांची ज्योत

इस्पितळाच्या तळमजल्यावर सगळ्या धर्मांना मिळून एक प्रार्थनेची खोली होती. ती सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. खोलीत देव एकही नव्हता, वाळूने भरलेला पत्र्याचा लांबट ट्रे तेवढा होता. कुणी त्यात मेणबत्ती खोचे, कुणी पणती टेकवी, कुणी उदबत्ती. कुणी ज्योतीवर तळवे धरून डोळ्यांना लावी, कुणी तिच्याकडे पाठ करून रडे. निघताना मात्र सगळे एकच विचारत, "लक्ष ठेवाल ना?"

"ठेवते ना. निर्धास्त जा."

भिंतीपलीकडे ऑक्सिजनचे सिलिंडर होते, म्हणून दहा मिनिटांच्या वर ज्योत ठेवायची नाही असा नियम होता. मावशी बोटं ओली करून वात चिमटीत धरत. अकरा वर्षं हेच. कुणी परत येऊन विचारलंच तर म्हणत, "आत्ताच शांत झाली हो, शेवटपर्यंत तेवली."

घरी गेल्यावर हे सगळं थोरल्या बहिणीला सांगत. नवरे गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. थोरली हसून बेजार होई. "मेली ढोंगी," म्हणे.

मग थोरलीच्याच पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून ती म्हणाली, "माझ्या नावाची एक लाव खाली. आणि हे बघ, माझी विझवायची नाही. मी शुद्धीवर येईपर्यंत."

"जाड वात घालते. झालं?"

मावशींनी घरून आणलेलं तेल पणतीत काठोकाठ ओतलं, वात पेटवली. हाताखाली आठ दिवसांपूर्वी आलेली नवी बाई ट्रेजवळ उभी होती. तिला सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण जिला आठ दिवस नियम घोकवला, तिला 'माझी तेवढी राहू दे' कुठल्या तोंडाने म्हणायचं? मावशी तशाच वर गेल्या.

चार तास लागतील म्हणालेले डॉक्टर पाऊण तासात बाहेर आले. पोट उघडलं, पाहिलं आणि शिवून टाकलं, म्हणाले. गाठ सगळीकडे पसरली होती.

मावशी धावत खाली आल्या. ट्रेमधली वाळू सपाट केलेली होती. पणती कोपऱ्यात, तेलाने भरलेली.

"दहा मिनिटं झाली तशी विझवली, मावशी," नवी म्हणाली. "धूरसुद्धा येऊ दिला नाही."

"छान केलंस."

पुन्हा पेटवता आली असती. मावशींनी काडेपेटी हातात घेतली आणि खाली ठेवली.

दुपारी थोरली शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडले होते. "तेवतेय का गं?"

मावशींनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "तेवतेय ना. आत्ताच बघून आले."

थोरली बराच वेळ मावशींच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मेली ढोंगी," ती म्हणाली. या वेळी हसली नाही. "आता डॉक्टर काय म्हणाले, तेही असंच सांगशील."

मावशींनी तिचा हात हातात घेतला. थोरलीने डोळे मिटले. त्यांचा हात मात्र तिने सोडला नाही.